आजोबांच्या वेब्लीसाठी काडतुसं शोधताना

नळीवरचा शिक्का वाचून थांबू नकोस. आधी रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना बघ, मग सिलिंडरची मागची बाजू उजेडात धर. .455 बोअरच्या (नळीच्या मापाच्या) कितीतरी वेब्ली रिव्हॉल्व्हरांचा तो भाग घासून .45 एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसासाठी पातळ केलाय. घासताना नंबर अर्धवट पुसला गेला असेल, तर संशय पक्का. मग .455 चं काडतूस आत सैल खेळतं, आणि .45 एसीपी अर्धचंद्री क्लिपवर (काडतुसं धरणाऱ्या पातळ पट्टीवर) बसतं, पण त्याचा दाब 21,000 पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला इतके पौंड) जातो. मूळ काडतुसाचा 13,000 च्या आसपास. बसतं म्हणून उडवायचं नसतं रे! चेंबर, म्हणजे सिलिंडरमधलं काडतुसाचं घर, तडकतं.

घरी काडतूस भरायचं डोक्यातून काढ. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याविना ती निर्मितीच ठरते. खरेदी फक्त परवानाधारक दुकानातून, परवान्यावर लिहिलेल्या बोअरची आणि तेवढ्याच संख्येची. वारसाचा परवाना अजून नसेल, तर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा कर, बाकी नंतर.

ट्रंकेत सापडलेल्या जुन्या गोळ्यांवर हिरवा थर किंवा तोंडाशी बारीक चीर दिसली तर हात लावू नकोस, ठाण्यात कळव. खानापूरच्या पावसात तर चामड्याच्या म्यानातच पितळ हिरवं होतं.