प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: ४०४ मोठा की ७०२?

प्रश्न: आमच्याकडे आयबीएमचा झेड१४ मेनफ्रेम (मोठ्या कंपन्यांचा दणकट सर्व्हर) आहे, कागदावर एम०२ पण लिहिलंय आणि ४०४ पण. दुसऱ्या टीमचा ७०२ आहे. आमच्यात प्रोसेसर जास्त, मग आमचंच मशीन फास्ट ना?

उत्तर: नाही हो, इथेच बरेचजण फसतात! एम०२ म्हणजे फक्त हार्डवेअरचा साइज, त्यात जास्तीत जास्त ६९ कोअर वापरता येतात, पण खरी ताकद त्या ४०४ मध्ये आहे, म्हणजे पहिला आकडा स्पीडची लेव्हल आणि पुढचे दोन आकडे जनरल प्रोसेसर (नेहमीची सगळी कामं करणारे) किती ते. ७ म्हणजे फुल स्पीड, ६, ५, ४ म्हणजे मुद्दाम कमी केलेला, कारण सॉफ्टवेअरचं बिल बहुतेक वेळा कपॅसिटीवर येतं आणि गरज नसताना का भरायचं. त्यामुळे तुमचे चार स्लो प्रोसेसर त्यांच्या दोन फुल स्पीडवाल्यांपुढे कमीच पडणार.

आणि ७०२ म्हणजे ७०१ च्या बरोब्बर दुप्पट असंही धरू नका, प्रोसेसर वाढले की आपसातल्या समन्वयात थोडी ताकद जातेच. झिप (zIIP, जावासारख्या ठरावीक कामांसाठीचा खास प्रोसेसर) आणि आयएफएल (IFL, फक्त लिनक्ससाठीचा) मात्र ४०४ वर पण फुल स्पीडनेच पळतात, हे मला फार आवडतं, जावाचं काम झिपकडे ढकलता येतं का नक्की बघा.