इंदूरला जन्म काढलेली आजी हल्ली दूधवाल्याशीही मराठीतच बोलते, शब्द अडतात. हे वय की डिमेन्शिया?

नुसता शब्द अडणं वयाचंच असतं, विशेषतः माणसांची नावं. थोड्या वेळाने नाव आठवलं, की काळजी नको. शब्दसंग्रह सत्तरीतही टिकून असतो, फक्त शब्द सापडायला वेळ लागतो.

काळजी कशाची? रोजच्या वस्तूंची नावं जाऊन ‘ते, आमटी वाढायचं’ असं वाढत जाणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा येणं, बोलण्याचा धागा सुटणं. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, उच्चार आणि व्याकरण बरेच दिवस शाबूत राहतात, म्हणून घरच्यांना ‘बोलते तर छान’ असं वाटतं आणि तपासणी लांबते.

समोरचा हिंदीभाषक आहे हे न उमगून मराठी बोलणं हेही लक्षण असू शकतं, कारण समोरचा पाहून भाषा बदलायला मेंदूचं नियंत्रण लागतं. शिवाय नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी ढासळते. दोन भाषांनी नुकसान मात्र होत नाही: हैदराबादच्या ६४८ डिमेन्शिया रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) बहुभाषकांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना मराठी बोलणारं कुणी सोबत न्याच. ‘एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगा’ ही चाचणी हिंदीत घेतली तर गुण उगाच कमी पडतील. आधी कान तपासा. बी-१२ आणि थायरॉइडही. घरी एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, उत्तरासाठी दहा सेकंद थांबा. ‘ओळख पाहू मी कोण?’ कृपया नको.

बोलणं अचानक, तासाभरात बिघडलं तर तो पक्षाघात समजून लगेच हॉस्पिटल गाठा.