यूडब्ल्यूबी फिल्टर 20 मिमीत बसवायचाय? आधी फॅब्रिकेटरला गॅप विचारा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: 1.6 मिमीच्या एफआर4 वर (नेहमीचं फायबरग्लासचं पीसीबी मटेरियल) यूडब्ल्यूबी म्हणजे अल्ट्रा-वाइडबँडचा, 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झ एवढा रुंद पट्टा जाऊ देणारा, मल्टिमोड रेझोनेटरवाला (एकाच रेझोनेटरचे अनेक मोड म्हणजे रेझोनन्स वापरणारा) फिल्टर केला, सिम्युलेशनमधे सिग्नलचा लॉस 1 डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास, बोर्ड हातात आल्यावर वरच्या टोकाला 3 डीबीच्या पुढे, पासबँडमधे म्हणजे त्या पट्ट्यात तीन वेगवेगळे उंचवटे, आणि गाईड म्हणतायत 38 मिमी लांबी फार झाली, 20 मधे बसवा.

उंचवट्यांचं आधी बोलतो कारण खरं दुखणं तिथंच आहे. 2005 साली झू, सुन आणि मेंझेल या संशोधकांनी ही रचना मांडली, मधे अर्ध्या वेव्हलेंग्थचा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना पाव वेव्हलेंग्थच्या बारीक लाइन्स, त्यामुळं पहिले तीन मोड बँडमधे पसरतात. पण ते तीन मोड जोडून सपाट पासबँड करायचं काम टोकाच्या कपल्ड लाइन्सचं (न चिकटता अगदी शेजारी ठेवलेल्या लाइन्सचं) असतं, आणि 110 टक्के बँडविड्थसाठी तिथं कपलिंग, म्हणजे एका लाइनमधून शेजारच्या लाइनमधे सिग्नल जाणं, प्रचंड लागतं. सॉफ्टवेअरमधला ऑप्टिमायझर बिनधास्त दोन लाइन्समधे 0.08 मिमी गॅप देतो. आपले नेहमीचे फॅब्रिकेटर, म्हणजे बोर्ड बनवणारे पीसीबीवाले, 6 मिल म्हणजे 0.15 मिमीच्या खाली हमी देत नाहीत, वर 35 मायक्रॉन कॉपर असेल तर एचिंगमधे कडा खाल्ल्या जातात आणि गॅप अजून रुंद होतो. कपलिंग कमी पडलं की मोड सुटेसुटे दिसणारच. म्हणून डिझाइनची सुरुवात फॅब्रिकेटरच्या मिनिमम गॅपपासून करा, तो आकडा सॉफ्टवेअरमधे फिक्स टाका आणि ऑप्टिमायझरला बाकीचं हलवू द्या. कपलिंग वाढवायला कपल्ड लाइनच्या बरोबर खाली ग्राउंडमधे (बोर्डाच्या खालच्या कॉपरमधे) खिडकी कापा, तिथं ईव्हन मोडचा (दोन्ही लाइन्सवर सारखंच व्होल्टेज असतानाचा) इम्पीडन्स वाढतो आणि मोठ्या गॅपमधेही काम भागतं. फक्त बोर्ड थेट धातूच्या प्लेटवर ठेवू नका, खिडकीखाली हवेला जागा पाहिजे. कॉपर 18 मायक्रॉनचं मागा.

लॉसला एफआर4 जबाबदार आहे. टॅन डेल्टा (मटेरियल किती ऊर्जा खातं त्याचं माप) 0.02 धरला तर 10 गिगाहर्ट्झला साध्या मायक्रोस्ट्रिपमधे (ग्राउंडवरच्या कॉपर पट्टीच्या लाइनमधे) नुसता डायइलेक्ट्रिक लॉस सेंटीमीटरला साधारण 0.3 डीबी येतो, म्हणजे तुमच्या 38 मिमीत रेझोनन्स नसतानाही 1.1 डीबी गेले, आणि बँडच्या कडेला ग्रुप डिले वाढतो तिथं सिग्नल जास्त वेळ रेंगाळतो म्हणून लॉस आणखी. रॉजर्स 4003सी या हाय-फ्रिक्वेन्सी बोर्ड मटेरियलचा टॅन डेल्टा 0.0027, तिथं हाच आकडा 0.04 डीबीच्या घरात. महाग आहे, मान्य, पण या फ्रिक्वेन्सीला एफआर4 वर भांडत बसण्यात अर्थ नाही.

आता साइझ. 4003सी वर 6.85 गिगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ साधारण 26 मिमी, म्हणजे जुन्या रचनेत नुसता रेझोनेटरच 26. त्याऐवजी स्टब लोडेड करा: अर्ध्या वेव्हलेंग्थची म्हणजे 13 मिमीची लाइन, आणि बरोबर मध्यावर ओपन स्टब (दुसरं टोक मोकळं असलेली फाट्याची लाइन). मध्यावर ऑड मोडचं (लाइनच्या दोन अर्ध्यांत उलटं व्होल्टेज असलेल्या मोडचं) व्होल्टेज शून्य असतं, त्यामुळं स्टब त्याला हातच लावत नाही, तो 6.85 लाच राहतो, ईव्हन मोड (दोन अर्ध्यांत सारखं व्होल्टेज असलेले) मात्र स्टबच्या लांबीनं सरकतात. स्टब अर्ध्या वेव्हलेंग्थचा आणि त्याचा इम्पीडन्स लाइनच्या निम्मा ठेवला (समजा 110 ला 55 ओहम) तर ईव्हन मोड 4.57 आणि 9.13 ला येतात. कागदावर दोन ओळींत निघतं हे, एकदा हातानं करून बघाच, मग ट्युनिंग करताना कुठली लांबी कशाला हलवते ते डोळ्यासमोर राहतं. फीडच्या कपल्ड लाइन्स त्याच 13 मिमीवर बसतात, स्टब बाजूला घडी घालून ठेवता येतो, आणि 20 मधे आरामात बसतं.

याची किंमत काय ते पण सांगतो. हाच स्टब 3.43 आणि 10.28 ला ट्रान्समिशन झीरो (जिथं सिग्नल पुढं जातच नाही अशा जागा) टाकतो. कडा मस्त धारदार होतात, पण बँड दोन्हीकडून थोडा खाल्ला जातो. म्हणून गाईडना विचारा की पूर्ण 3.1 ते 10.6 कशासाठी हवाय? अमेरिकेच्या एफसीसी या नियामकानं 2002 मधे तो पट्टा मोकळा केला हे खरं, पण आजच्या फोनमधलं यूडब्ल्यूबी मुख्यतः चॅनल 5 आणि 9 वर चालतं, म्हणजे 6.24 ते 8.24, आणि इकडं 3.3 ते 3.67 मधे तर 5जी बसलंय, तो भाग दाबला गेला तर उलट बरंच आहे. पूर्ण पट्टाच हवा असेल तर जुनीच रचना 10.2 परमिटिव्हिटीच्या सब्स्ट्रेटवर (बोर्ड मटेरियलवर) करा, परमिटिव्हिटी जास्त की वेव्हलेंग्थ आखूड, रेझोनेटर 16-17 मिमीवर येईल, पण लाइन्स आणखी बारीक होतील.

5 गिगाहर्ट्झ वायफाय याच पट्ट्यात येतं, ते दाबणारा नॉच (खाच) सगळ्यात शेवटी टाका, साधारण 8 मिमीची स्परलाइन (लाइनमधेच कापलेली L आकाराची फट) पुरते. एफआर4 वर तो उथळच येणार.

आणि पुढच्या पॅनेलवर (बनवायला पाठवतात त्या मोठ्या बोर्डावर) एकच फिल्टर पाठवू नका. 0.15, 0.18, 0.21 मिमी गॅपचे तीन, आणि शेजारी तेवढ्याच लांबीची साधी 50 ओहमची लाइन, त्याच कनेक्टर्ससकट. त्या लाइनचा लॉस वजा केला की फिल्टरमुळं वाढलेला किती ते कळतं. स्वस्तातले एसएमए कनेक्टर 6 गिगाहर्ट्झच्या पुढं दगा देतात, तेही तिथंच पकडले जातील.