बालेवाडीचा हप्ता आणि दुसरे मूल

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून आलेले एक पत्र गेले दहा दिवस माझ्या टेबलावर आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी चार प्रश्न विचारले आहेत, पण मी त्यांतील एकाचेच उत्तर सविस्तर देणार आहे, कारण त्यांची झोप उडाली आहे ती त्या एकाच प्रश्नाने, हे पत्राच्या ओळीओळीतून दिसते.

त्या लिहितात, “मी ३५ वर्षांची आहे आणि आम्हाला चार वर्षांची मुलगी आहे. दुसरे मूल परवडेल का, हे पाहण्यासाठी नवऱ्याने अठरा वर्षांचा तक्ता एक्सेलमध्ये केला. किटाची, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीची फी, मोठे घर, मोठी गाडी, दोघांचे विद्यापीठाचे शिक्षण, दरवर्षी पुण्याची चार तिकिटे आणि बालेवाडीच्या फ्लॅटचा हप्ता असे सगळे त्यात धरले आहे. शेवटची ओळ लाल येते. सासूबाई फोनवर म्हणतात, ज्याने चोच दिली तो चाराही देईल, आणि मी येते की सांभाळायला. मला दोघांचेही पटते आणि दोघांचेही पटत नाही.”

आधी सासूबाईंचे म्हणणे पाहू. त्यांच्या बोलण्यात माया आहे, याबद्दल मला शंका नाही, पण चारा कोण देतो हे मी जवळून पाहिले आहे. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, दोन खोल्यांत, आम्ही पाच भावंडे वाढलो. वडील छापखान्यात कारकून होते. १९६७ मध्ये सतराव्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीने कॉलेज सोडले, टंकलेखन शिकून नोकरी धरली, आणि पुढे माझी शाळेची व कॉलेजची फी तिच्या पगारातून गेली. मी जर्मन शिकले, परदेशी गेले, आज तुम्हाला सल्ला देते आहे, ते ताईच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणावर. ती आज हयात नाही. तिने कधी बोलून दाखवले नाही, म्हणून ‘होते सगळे नीट’ असे म्हणण्याचा अधिकार मला मिळत नाही. तेव्हा घरातल्या पैशाचा विचार करून मुलांची संख्या ठरवणे यात स्वार्थ किंवा पाप काहीही नाही. आमच्या कर्वे रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्या महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि मूल हवे की नको, कधी आणि किती, हे जोडप्याने स्वतः ठरवावे यासाठी नोकरी गमावण्यापर्यंत किंमत मोजली. शंभर वर्षांनंतर तुम्ही अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. आणि सासूबाईंच्या ‘मी येते’ला मर्यादा आहे, ती त्यांना कोणी सांगितलेली दिसत नाही: पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. तीन महिन्यांनी बाळाची मान जेमतेम धरलेली असते, आणि आजी विमानात बसलेल्या असतात.

आता तुमच्या यजमानांचा तक्ता. हिशेब करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, पण हिशेब करायचा तर तो खरा करावा, आणि हा तक्ता खरा नाही, असे मला स्पष्ट सांगितले पाहिजे.

पहिल्या मुलाच्या खर्चाला त्यांनी सरळ दोनाने गुणले आहे. खर्च असा वाढत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजात, दोन मुलांच्या कुटुंबाशी तुलना करता एकुलत्या मुलावर २७ टक्के अधिक खर्च होतो आणि तीन किंवा अधिक मुले असल्यास दर मुलामागे २४ टक्के कमी होतो, असे आढळले होते. देश वेगळा असला तरी कारण तेच आहे: पाळणा, कपडे, खोली आणि खेळणी पुन्हा वापरली जातात. विद्यापीठाच्या शिक्षणासमोरचा आकडा तर त्यांनी बहुधा न्यू जर्सीतल्या मित्राकडून घेतला असावा. जर्मनीत शाळा पूर्ण केलेल्या मुलाला तिथल्या सरकारी विद्यापीठात पहिल्या पदवीसाठी शिक्षणशुल्क नसते. सत्राची काही शे युरोंची वर्गणी आणि राहण्याखाण्याचा खर्च असतो.

जमेची बाजूही अपुरी आहे. किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठी मिळणारा सरकारी भत्ता, २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो होता, आणि तो अठराव्या वर्षापर्यंत, शिक्षण चालू असेल तर पंचविसाव्यापर्यंत मिळतो. एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी रजा घेणाऱ्या पालकाला मिळणारा भत्ता, सर्वसाधारणपणे निव्वळ पगाराच्या ६५ टक्के, कमाल १८०० युरो, बारा महिने मिळतो, आणि दोघांनी रजा वाटून घेतली तर आणखी दोन महिने. इथे एक गोष्ट आपल्याकडच्या बऱ्याच जोडप्यांना उशिरा कळते. पगारातून दरमहा किती कर कापायचा हे करवर्गावर ठरते. नवरा तिसऱ्या आणि बायको पाचव्या करवर्गात असेल, तर बायकोचा हाती येणारा पगार कमी दिसतो आणि तिचा एल्टर्नगेल्डही तेवढाच कमी होतो. वर्ग बदलायचा असल्यास प्रसूतिरजा सुरू होण्याच्या किमान सात पूर्ण महिने आधी बदलावा लागतो, म्हणजे गोड बातमी कळल्यावर वेळ फार थोडा उरतो. शिवाय दर मुलामागे संगोपनाची तीन वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली जातात. ती तुमच्या नावावर जमा करून घ्या. तुमची अर्धवेळ झालेली नोकरी आणि थांबलेली बढती तक्त्यात कुठेच नाही, हे मला सर्वांत जास्त खटकले. तो खर्च तुम्ही एकटीने उचलणार आहात, म्हणून त्याला रकाना मिळालेला नाही.

आणि आता बालेवाडी. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे की, फ्लॅट २०२१ पासून बंद आहे, भाडेकरू ठेवला तर घर खराब होईल म्हणून ठेवलेला नाही, आणि हप्ते अजून चौदा वर्षे आहेत. परदेशातून येणाऱ्या पत्रांत मला हा बंद फ्लॅट इतक्या वेळा भेटतो, कधी बाणेरला, कधी वाकडला, कधी पाषाणला, की त्याबद्दल लिहिल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. दरमहा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ताकर भरून आपण एक रिकामी जागा सांभाळतो, आणि घरात माणूस वाढवायचा विषय निघाला की परवडत नाही असे म्हणतो. हा हप्ता तुमच्या यजमानांनी दुसऱ्या मुलाच्या तक्त्यात धरला आहे. त्या मुलाचा त्या फ्लॅटशी काय संबंध? तो रकाना काढून, किंवा भाडे येते असे धरून, शेवटची ओळ पुन्हा पाहा. माझ्या अंदाजाने ती लाल राहणार नाही.

हे मी कठोरपणे लिहिते आहे, कारण मी स्वतः तेच केले. आम्ही १९८९ मध्ये जर्मनीला गेलो, १९९१ मध्ये मुलगा झाला, आणि १९९३ मध्ये कोथरूडमध्ये फ्लॅट घेतला. दुसरे मूल आम्हा दोघांनाही हवे होते. हप्ते संपले की विचार करू, असे ठरले. हप्ते संपले तेव्हा साल २००० होते आणि मी चाळीस वर्षांची होते. पुढची दोन वर्षे उपचारांत गेली आणि काही झाले नाही. ज्या खोलीत बसून मी हे लिहिते आहे, ती त्याच फ्लॅटमधली. मुलगा हॅम्बुर्गला असतो. त्याचे वडील गेले तेव्हा रुग्णालयात, स्मशानात आणि बँकेत तो एकटा फिरला, आणि विमानतळावर निघताना म्हणाला, “आई, बोलायला कोणी असते तर बरे झाले असते.”

माझ्या या अनुभवावरून तुम्ही दुसरे मूल होऊ द्यावे, असा अर्थ काढू नका. एकुलती मुले आनंदाने वाढतात, आणि एकावर थांबलेली अनेक सुखी घरे मी पाहिली आहेत. पैशाने काय ठरवावे आणि काय ठरवू नये, एवढेच मला सांगायचे आहे. मूल या वर्षी की दोन वर्षांनी, त्यासाठी मोठी गाडी घ्यावी की आहे ती चालवावी, रजा कोणी किती घ्यावी, हे पैशाला विचारून ठरवावे. मूल हवे आहे का, हे मात्र तक्ता सांगू शकत नाही. तुमच्या तीन पानी पत्रात नवऱ्याचे मत आहे, सासूबाईंचे आहे, मैत्रिणीचेही आहे, आणि तुम्हाला काय हवे आहे याबद्दल एक ओळ नाही. हे मला आवडलेले नाही. आकडे दुरुस्त करून ओळ काळी आली, तर तुम्हाला आनंद होईल की धास्ती वाटेल? हाच प्रश्न यजमानांनाही विचारा. त्यांना दुसरे मूल नकोच असेल, तर तेही सन्मान्य उत्तर आहे, पण मग त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगावे, एक्सेलकडून वदवून घेऊ नये.

उरलेल्या तीन प्रश्नांविषयी थोडक्यात लिहिते. मुलगी जर्मनमध्ये उत्तर देत असेल तरी तुम्ही दोघे घरी मराठीच बोलत राहा. चार वर्षांच्या मुलीला शनिवारी आणखी एका शाळेत घालण्याची घाई नको. नाव आईच्या पसंतीचे ठेवावे की आजीच्या, याचा विचार नाव ठेवण्याची वेळ आल्यावर करावा.

आणि सासूबाईंना ९० दिवसांचा नियम, फ्लॅट भाड्याने देण्याचा विचार आणि तुमचा जो काही निर्णय होईल तो, हे सर्व तुमच्या यजमानांनी फोन करून सांगावे. आई त्यांची आहे. आजवर ते फोन तुम्हीच घेत आला आहात, असे पत्रावरून दिसते.