वाचकांचे प्रश्न : टॉलेमी, सात बेटं आणि सहा मिलिमीटरचा गंधार

क्लॉडियस टॉलेमी या अलेक्झांड्रियाच्या विद्वानाबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : टॉलेमी इजिप्तचा राजा होता ना? मग त्याला ग्रहतारे बघायला वेळ कुठून मिळाला? (भांडुप)

राजे वेगळे, हा वेगळा. टॉलेमी नावाच्या राजांचं घराणं क्लिओपात्राबरोबर इ. स. पूर्व ३० मध्ये संपलं. आपला टॉलेमी त्यानंतर दीडशे वर्षांनी, रोमन अमलाखालच्या अलेक्झांड्रियात राहत होता. त्याने स्वतःची म्हणून नोंदवलेली निरीक्षणं साधारण इ. स. १२७ ते १४१ या काळातली आहेत. जुन्या चित्रांत त्याच्या डोक्यावर मुकुट दिसतो, तो याच नामसाम्याच्या गोंधळातून.

प्रश्न : मुंबईवरच्या प्रत्येक लेखात ‘टॉलेमीने मुंबईला हेप्टानेशिया म्हटलं’ हे वाक्य असतंच. शाळेच्या प्रदर्शनाच्या तक्त्यावर ते बिनधास्त लिहावं का? (गिरगावातील एक शिक्षक)

बिनधास्त लिहू नका. हेप्टानेशिया या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सात बेटं’, एवढाच. टॉलेमीच्या ‘जिऑग्राफी’च्या सातव्या खंडात भारताजवळच्या बेटांची यादी आहे, तिच्यात हे नाव येतं. त्याच यादीत त्रिनेसियाही आहे, म्हणजे ‘तीन बेटं’. दर्यावर्दी लोक बेटं मोजायची आणि तेच नाव ठेवून द्यायची. त्यामुळे आपला सातचा आकडा जुळला, याला फार वजन देता येत नाही.

खरी अडचण आकड्यांत आहे. टॉलेमी प्रत्येक ठिकाणापुढे रेखांश आणि अक्षांश देतो. हस्तलिखितांप्रमाणे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण साधारण असे : सोपारा (आपलं नालासोपारा) साडेपंधरा अंश उत्तर, सिमिल्ला (बहुतेक अभ्यासकांच्या मते चौल) पावणेपंधरा आणि हेप्टानेशिया १३. म्हणजे त्याच्या हिशेबाने सात बेटं चौलच्या खाली येतात. प्रत्यक्षात मुंबई चौलच्या वर, सोपारा आणि चौल यांच्या मधोमध आहे.

पण या आकड्यांवरही फार विसंबू नका. त्याने भडोचला (बॅरिगाझा) सव्वासतरा अंशांच्या आसपास ठेवलं आहे. खरा अक्षांश पावणेबावीस. कन्याकुमारीला साडेतेरा दिले आहेत. खरे जेमतेम आठ. भडोच ते कन्याकुमारी हा साडेतेरा अंशांहून लांब किनारा त्याने चार अंशांत कोंबला आणि अख्खं दख्खन चेपून टाकलं. भर दुपारच्या सावलीवरून अक्षांश काढता येतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण इथे सावली मोजून त्याला कळवणार कोण? हाती होती ती व्यापाऱ्यांची ‘इतके दिवस अमक्या दिशेला’ अशी माहिती. एकदा दिशा चुकली की पुढची सगळी गावं तिच्यामागे गेली. त्यात त्याने एका अंशाची लांबी ५०० स्टेडिया (स्टेडिया हे ग्रीकांचं अंतराचं माप) धरली. त्याच्या आधीच्या एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाच्या मापाने ती ७०० येत होती.

म्हणून टॉलेमीचे आकडे बाजूला ठेवा आणि गावांचा क्रम वाचा. किनाऱ्यावरचा क्रम बऱ्यापैकी जमतो. तक्त्यावर ‘ही सात बेटं म्हणजे मुंबई, असं काही अभ्यासक मानतात’ इतकंच लिहा. त्याहून मोठ्या अक्षरांत पैठण लिहा. बैथाना हे सिरोप्टोलेमायोसचं राजधानीचं गाव, असं टॉलेमी सांगतो. हा सिरोप्टोलेमायोस म्हणजे श्री पुळुमावी, आपला सातवाहन राजा, आणि त्याचं नाव नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांतल्या शिलालेखांत आजही वाचता येतं. इतका पक्का पुरावा सोडून हेप्टानेशियाच्या मागे का लागावं?

प्रश्न : पृथ्वी मध्यभागी ठेवून मांडलेलं चुकीचं गणित चौदाशे वर्षं चाललं कसं? (मुलुंड)

चाललं, कारण उत्तरं बरीचशी बरोबर येत होती. ‘अल्माजेस्ट’ या तेरा खंडांच्या ग्रंथात प्रत्येक ग्रह एका छोट्या वर्तुळावर फिरतो आणि त्या वर्तुळाचा मध्य मोठ्या वर्तुळावर फिरतो. मंगळासाठी मोठ्या वर्तुळाची त्रिज्या ६०, छोट्याची साडेएकोणचाळीस. आता ६० ला ३९.५ ने भागा : १.५१९. सूर्यापासून मंगळाचं सरासरी अंतर पृथ्वीच्या १.५२४ पट आहे! गुरूचं छोटं वर्तुळ साडेअकराचं, भागाकार ५.२२, खरं अंतर ५.२०. शुक्र आतला ग्रह, म्हणून उलटा भागाकार करायचा : ४३ पूर्णांक एक षष्ठांश भागिले ६० म्हणजे ०.७१९, खरं ०.७२३. शनीला मात्र ९.२३ येतात आणि हवे असतात ९.५४.

हा योगायोग नाही. बाहेरच्या ग्रहाचं छोटं वर्तुळ म्हणजे आपल्या पृथ्वीचीच सूर्याभोवतीची कक्षा, त्या ग्रहाच्या माथी मारलेली. आतल्या ग्रहाच्या बाबतीत हेच उलटं होतं. सूर्यमालेचं प्रमाण टॉलेमीच्या कोष्टकांत पडून होतं, पण प्रत्येक ग्रहाचं मोठं वर्तुळ त्याने स्वतंत्रपणे ६० धरलं, त्यामुळे ग्रहांची एकमेकांशी तुलना झालीच नाही.

त्याची मांडणी ढासळते ती चंद्रावर. चंद्राची जागा बरोबर यावी म्हणून त्याने अशी रचना केली की अर्ध्या चंद्राच्या वेळी तो पृथ्वीच्या ३३ त्रिज्यांइतक्या अंतरापर्यंत जवळ येतो आणि पौर्णिमेला ६४ पर्यंत लांब जाऊ शकतो. हे खरं असतं, तर अर्धचंद्र टोकापासून टोकापर्यंत पूर्णचंद्राच्या जवळपास दुप्पट दिसला असता. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून पडताळा घ्या : ५ मिलिमीटर रुंदीची कागदाची पट्टी डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर धरली की पूर्णचंद्र जेमतेम झाकला जातो. अष्टमीला तीच पट्टी चंद्राच्या दोन टोकांमध्ये आडवी धरा. तितकीच पुरते.

प्रश्न : टॉलेमीने संगीतावरही लिहिलं आहे असं वाचलं. आपल्या सुरांशी त्याचा काही मेळ बसतो का? घरी करून बघता येईल असं काही सांगाल? (दादरमधील गाण्याच्या विद्यार्थिनी)

मेळ बसतो आणि करूनही बघता येतं. त्याचा ‘हार्मोनिक्स’ हा ग्रंथ तीन खंडांचा आहे. पायथागोरसपंथी आकड्यांना धरून बसत आणि कानाला विचारत नसत. अरिस्टोक्सेनस या ग्रीक संगीतशास्त्रज्ञाचे अनुयायी नुसत्या कानावर जात. टॉलेमीने दोघांनाही फटकारलं. गुणोत्तर बुद्धीने ठरवा, मग तारेवर लावून कानाने पारखा, अशी त्याची रीत.

त्यासाठी त्याचं साधन होतं कॅनॉन : फळी, एक तार आणि सरकती घोडी (तारेखालचा टेकू). एक मीटरभर सरळ फळी घ्या. दोन्ही टोकांना स्थिर घोड्या अशा बसवा की मधलं अंतर बरोबर ९० सेंटिमीटर भरेल. सतारीची पोलादी तार खुंटीने ताणा आणि फळीवर मोजपट्टी चिकटवा. सुटी तार हा सा. आता सरकती घोडी लावून छेडायचा भाग इतका ठेवा : रे ८०, ग ७२, म ६७.५, प ६०, ध ५४, नी ४८, तार सा ४५.

हे सप्तक टॉलेमीच्या एका स्वरविभागणीतून निघतं. त्याने खालून वर १६:१५, ९:८, १०:९ अशा पायऱ्या लावून चार स्वर बांधले. त्याच क्रमाने सा पासून निघालात, तर घोडी ९०, ८४.४, ७५, ६७.५ वर येते. वाजवून पाहा, भैरवीचं पूर्वांग ऐकू येईल. त्याने भैरवी ऐकली होती असं कृपया कुठे लिहू नका.

आता कुठे बिघडतं ते बघा. सरकती घोडी स्थिर घोड्यांहून उंच असली की तार जास्त ताणली जाते आणि प्रत्येक सूर चढा लागतो. ती तारेला टेकेल इतपतच उंच हवी. तंबोऱ्याची पसरट घोडी इथे चालत नाही, कारण तार नेमकी कुठून सुटते ते कळत नाही. माथा गोल हवा, हे टॉलेमीनेच बजावलं आहे. तार एकसारखी आहे का, हेही आधी तपासा. घोडी ४५ वर ठेवून दोन्ही बाजू छेडा, सूर एकच आला पाहिजे. नाही आला तर तारेची टोकं अदलाबदल करून लावा. चढी बाजू बदलली तर दोष तारेचा. तीच राहिली तर घोडीची जागा किंवा मोजमाप चुकलंय. दर दोन-तीन सुरांनी सुटा सा तपासत जा, नवी तार उतरत राहते.

लांबी सोडून वजनं टांगून सूर काढायच्या फंदात पडू नका. पायथागोरसने तारांना वजनं लावून सप्तक शोधलं ही गोष्ट पुस्तकापुस्तकांत सापडते, पण दुप्पट वजनाने तार सा लागत नाही, तीव्र मध्यमाशी थांबतो. तार सा हवा तर वजन चौपट लागतं. वजनाचे प्रयोग भरवशाचे नाहीत, हे टॉलेमीनेही सांगून ठेवलं आहे.

शेवटी तुमच्या कामाची गोष्ट. घोडी ७२ वर ठेवून गंधार छेडा आणि सा जुळवून पेटीवरचा गंधार दाबा. पेटीचा चढा लागेल. तो तारेवर आणायचा तर घोडी साधारण ७१.४ वर न्यावी लागते, म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर पुढे. मग घोडी परत ७२ वर आणा आणि तंबोरा छेडून खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ऐका. तो ७२ वरच्या सुराशी मिळतो.