डॉक्टर, पण बोर्ड कुठाय?

प्रश्न : मॅडम, मी सोलापुरात इंटर्नशिप करतोय. पुढं एमडीला पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, घ्यायचा विचार आहे. घरी सांगितल्यापासून वडील नीट बोलत नाहीत. काका विचारतात, "मग बोर्ड कुठं लावणार?" तुम्ही उभी नोकरी सार्वजनिक आरोग्यात काढलीत. या वाटेत हाती काय लागतं? (एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : काकांचं बरोबर आहे, बोर्ड लागत नाही. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून डॉक्टर आहे, पण औषध देत नाही." वडिलांना पटवताना सोलापूरच्या भैया चौकातल्या, चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं नाव मात्र घेऊ नकोस. ते शल्यविशारद होते, वाद तू हरशील.

माझी सुरुवात बॉण्डच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीनं झाली, माळशिरस तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. आषाढीला दोन्ही पालख्या याच तालुक्यातून पंढरपूरकडं जातात. टँकर भरताना टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकली की रजिस्टरच्या लेखी काम झालेलं असायचं. आमचे आरोग्य सहायक मात्र वस्ताद. ते टँकरपाशी थांबायचेच नाहीत. दिंडीतल्या शेवटच्या तंबूत जाऊन हंड्यातलं पाणी नळीत घ्यायचे आणि ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे, थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. निदान ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) दिसायला हवं, नाहीतर टँकरवाल्याची कानउघाडणी. कागदावरचं पाणी आणि हंड्यातलं पाणी वेगळं असतं, हे मी तिथं शिकले आणि एमडीला पीएसएमच घेतलं.

पुढं पोलिओ. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की पोलिओ वाटो न वाटो, १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोन्हींत किमान २४ तासांचं अंतर ठेवून, आणि बर्फात घालून प्रयोगशाळेला पाठवायचे. आईला हे समजावणं हीसुद्धा एक कलाच! देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ ला. मधल्या काळातही आमचे 'शून्य रुग्ण' असे अहवाल दर आठवड्याला जातच होते. असलं काम कंटाळवाणं वाटणार असेल, तर खुशाल मेडिसिन घे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते डेंग्यूनं. सोलापूर शहराला उजनी धरणाचं पाणी येतं, पण रोज येत नाही. त्यामुळं घरोघरी बॅरल. आमचं पत्रक सांगायचं, 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा.' पूर्व भागात विड्या वळत बसलेल्या एका मावशींनी ते पत्रक हातात घेतलं आणि तेलुगू वळणाच्या मराठीत विचारलं, "बॅरल ओतून देते. मग नळ येईपर्यंत काय पिऊ, हे पत्रक?"

बिनतोड प्रश्न होता. मग आम्ही चावीवाल्याला गाठलं. कुठल्या गल्लीला कधी पाणी सुटणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आशाताईंच्या फेऱ्या त्याच्या पाळीप्रमाणं लावल्या. नळ यायच्या आधी बॅरल तसाही तळाला गेलेला असतो. तेवढ्यात आतून काथ्यानं खसखसून घासायचा आणि मगच भरायचा. घासणं महत्त्वाचं, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेलगत भिंतीवर अंडी चिकटवतो आणि ती कोरडीसुद्धा कित्येक महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. भरल्यावर तोंडाला जुनं धोतर दुहेरी बांधायचं. यात नवं औषध नाही की जास्तीचा पैसा नाही. पत्रकातली ओळ बदलली आणि बायका ऐकू लागल्या.

तेव्हा पीएसएम घेणारच असशील, तर आधी कामापुरती तेलुगू शीक. अक्कलकोटचा आहेस, कन्नड येत असेलच. संख्याशास्त्राला घाबरू नकोस. पैशाचं म्हणशील, तर शल्यविशारदाशी बरोबरी करू नकोस. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन किंवा शासनाची कायम नोकरी मिळाली तर संसार नीट चालतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं मात्र अकरा-अकरा महिन्यांची असतात. घरी बोलताना हे लपवू नकोस, वडील त्यावरच अडणार आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बीएएमएस झाली आहे. तिला या क्षेत्रात येता येईल का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : हो. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपल्याकडं बीएएमएस झालेली मुलं-मुली काम करताहेत. पुढं शिकायचं असेल तर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि पुणे विद्यापीठातही तो अभ्यासक्रम चालतो. फी भरण्याआधी तिला एखाद्या उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवा. नर्सताईंना आधी विचारून, आणि डबा देऊन पाठवा, तिथं जेवायला दुपारचे तीन वाजतात.