घन फिरवायचा तर नल फिरवा

आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये घन फिरवताना बाजू सुट्या होऊन भरकटतात, याचं कारण बहुतेक वेळा एकच: प्रत्येक बाजू आपापल्या अँकर पॉइंटभोवती (लेयर ज्या बिंदूभोवती फिरतो तो) फिरत असते.

500 बाय 500 पिक्सेलचे सहा सॉलिड (एकरंगी लेयर) घ्या, सगळ्यांचा थ्रीडी स्विच चालू करा. कॉम्पचा (कॉम्पोझिशन, म्हणजे सगळे लेयर मांडलेली चौकट) मध्य हेच घनाचं केंद्र धरा. पुढची बाजू झेडवर उणे 250, मागची अधिक 250. डावी-उजवी एक्सवर 250 सरकवून वाय रोटेशन 90 अंश. वरची-खालची वायवर 250 सरकवून एक्स रोटेशन 90. (इथे वाय खालच्या दिशेने वाढतो, म्हणून वरच्या बाजूसाठी 250 वजा करायचे. इथेच पुष्कळ जण गोंधळतात.) आता बरोबर मध्यावर नल ऑब्जेक्ट (अंतिम चित्रात न दिसणारा रिकामा लेयर) ठेवा, त्याचाही थ्रीडी स्विच चालू करा आणि सहाही लेयर त्याला पेरेंट करा, म्हणजे नल फिरला की तेही सोबत फिरतील. यापुढे बाजूंना हात लावायचा नाही.

कीफ्रेम (ठरावीक क्षणी किंमत नोंदवणारी खूण) नलच्या रोटेशनला द्या, ओरिएंटेशनला नको. ओरिएंटेशन जवळचा रस्ता पकडतं. पूर्ण फेरी त्याच्या हिशेबातच नसते. रोटेशनमध्ये फेऱ्यांच्या जागी 1 लिहा, काम झालं.

लूप हवा असेल तर शेवटची कीफ्रेम कॉम्पच्या शेवटच्या फ्रेमच्या एक फ्रेम पुढे ठेवा. नाहीतर पहिली आणि शेवटची फ्रेम सारखीच दिसते आणि दर फेरीला बारीकसा अडखळा जाणवतो. ईझी ईझचा (सुरुवातीला-शेवटी गती हळू करण्याचा) मोह इथे टाळा, गती एकसारखीच हवी.

प्रीकॉम्प केल्यावर (सगळे लेयर एका वेगळ्या कॉम्पमध्ये गुंडाळून तो एकच लेयर म्हणून वापरल्यावर) मुख्य कॉम्पचा कॅमेरा फिरवूनही घन सपाट चित्रासारखाच दिसला, तर त्या प्रीकॉम्प लेयरचा कोलॅप्स ट्रान्सफॉर्मेशन्स स्विच चालू करा.